मैंदर्गीच्या अकरा बाटल्या

१

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास पुण्याहून पत्र आलं आणि बारा वाजायच्या आत प्रियंका म्याकलच्या टेबलावरचा कॉम्प्युटर उचलून नेला. मागे राहिली ती तिची पाण्याची बाटली आणि शेंगाचटणीची बरणी.

सोलापुरातल्या त्या नेत्र रुग्णालयात काचबिंदूवरच्या नव्या थेंबांची चाचणी चालू होती. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढत जातो, नजर कडेकडेने कमी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून दाब खाली ठेवायचा, एवढंच माणसाच्या हातात असतं. चाचणीत चौसष्ट रुग्ण होते. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना वर्षानुवर्षं वापरात असलेलं जुनं. बाटल्या दिसायला सारख्या, वर फक्त ज्याचा त्याचा नंबर. कोणाच्या बाटलीत काय आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. ते गुपित पुण्यात कुलूपबंद होतं.

आणि आता पुण्याच्या आकडेतज्ज्ञ बाई लिहीत होत्या की मैंदर्गीहून येणाऱ्या अकरा रुग्णांचे आकडे खरे असूच शकत नाहीत. ते कोणीतरी टेबलाशी बसून तयार केलेले आहेत. आकडे लिहायचं काम प्रियंकाचं होतं, त्यामुळे पुढचं सांगायला नको.

वैजयंतीबाई उबाळ्यांना डॉक्टर मानसिंग बाबरांचा फोन आला तेव्हा त्या भाकरीला बसल्या होत्या. बाई कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात एकतीस वर्षं टूल-रूम सांभाळून निवृत्त झालेल्या. रुग्णांवर अन्याय होत नाही ना, हे बघायला रुग्णालयाची पाच जणांची एथिक्स कमिटी होती. त्या कमिटीत डॉक्टर नाही, वकील नाही असं एक साधं माणूस लागतंच. ते माणूस म्हणजे वैजयंतीबाई. चार वर्षांत त्यांनी प्रत्येक बैठकीला हजर राहून पोहे खाल्ले होते आणि दाखवाल तिथे सही केली होती. पोह्यांत शेंगदाणे कमी असतात, ही त्यांची आजवरची एकमेव हरकत.

"उबाळे मॅडम, चौकशीला बाहेरचं कोणीतरी हवं असतं," डॉक्टर म्हणाले. ही चाचणी त्यांच्याच नावावर होती आणि आवाजात घाई होती. "अध्यक्ष बंगळुरूला गेलेत. सोमवारी अकराला बैठक आहे. अहवाल तयार आहे, तुम्ही फक्त नजर टाकून सही करा."

बाईंनी रुग्णालयात जाऊन अहवालावर नजर टाकली. शेवटचा रकाना होता 'जबाबदार व्यक्ती'. त्यात प्रियंकाचं नाव आधीच टाइप केलेलं होतं.

टूल-रूममध्ये हरवलेल्या पान्याचा दंड कोणाच्या नावावर टाकायचा हे फोरमन आधी ठरवायचा आणि पाना नंतर शोधायचा, ते बाईंना आठवलं. अशा फोरमनांशी भांडण्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती.

"हा रकाना कोरा असलेला कागद द्या," त्या म्हणाल्या.

२

प्रियंकाचं घर अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. खालच्या खोलीत वडिलांचे दोन यंत्रमाग टॉवेल विणत होते आणि त्या खडखडाटात कपातला चहादेखील हलत होता. प्रियंका सव्वीस वर्षांची. आईशी तेलुगूत दोन शब्द बोलून तिने दार लोटलं, तरी आवाज पुरता कमी झाला नाही.

ती रडलेली दिसत नव्हती. बाईंना ते आवडलं.

"काकू, कंपन्यांच्या यादीत एकदा नाव गेलं ना, की देशात कुठंच चाचणीचं काम मिळत नाही," ती म्हणाली. "खोटे आकडे लिहिणारी, एवढंच राहतं नावापुढं. मी ते लिहिले नाहीत. पण लिहिले नाहीत हे दाखवायचं कसं?"

"दाब मोजता कसा, ते सांग."

"दोघं लागतात. डोळे तपासणारे गुरुसर यंत्रातून डोळ्यात बघून चकती फिरवतात, पण चकतीवरचा आकडा त्यांना दिसत नाही. तो मी वाचते आणि लिहिते. एकट्याला लबाडी करताच येऊ नये म्हणून तसं ठेवलंय."

"म्हणजे लबाडी करायची तर दोघांनी मिळून."

"हो की. म्हणून आता गुरुसरांकडंपण बघायला लागलेत."

तिने एका जुन्या वहीच्या पानावर पेन्सिलीने ठिपके काढून दाखवले. शहरातले आणि मोहोळचे मिळून त्रेपन्न रुग्ण. त्यांचे दोन ढीग पडत होते. एका ढिगातल्यांचा दाब नऊ ते अकरानं उतरलेला, दुसऱ्यातल्यांचा चार-पाचानं. एक ढीग नव्या औषधाचा, दुसरा जुन्याचा, हे आंधळ्यालाही कळावं. मैंदर्गीचे अकरा मात्र एकाच ढिगात, बरोबर मध्ये. सात, सात, आठ, सात, सहा, सात.

"आणि डायऱ्या," प्रियंका म्हणाली. "थेंब घातला की रोज खूण करायची असते. शहरातले लोक चार दिवस विसरतात, लग्नाला गेले की आठवडा विसरतात. मैंदर्गीच्या अकरांत तीन महिन्यांत एकसुद्धा चूक नाही. सगळ्यांची वेळ संध्याकाळचे सात."

"त्यांना हे सगळं समजावलं कोणी होतं?"

"मीच. वस्तीवर बसून पूर्ण माहितीपत्रक वाचून दाखवलं. निम्म्यांना नवं, निम्म्यांना जुनं, कोणाला काय ते कोणालाच कळणार नाही. घाईनं अंगठे नाही घेतले मी. त्यांनी प्रश्नपण विचारले. एकाचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून वर लेखी विचारलं होतं. उत्तर आलं नाही."

बाईंनी ठिपक्यांच्या कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

प्रियंका दारापर्यंत सोडायला आली. "खरं सांगू? पुण्यात मी बसले असते ना, तर मलाही ते आकडे खोटेच वाटले असते."

३

गुरु हिरेमठ तपासणी-खोलीत एकटाच यंत्र पुसत बसला होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. प्रश्न ऐकून तो दुखावला.

"मॅडम, त्या अकरांपैकी प्रत्येकाचा डोळा मी स्वतः बघितलाय. टेबलाशी बसून लिहायला ते काय वीजबिल आहे? उलट मैंदर्गीकरांना मला दुप्पट वेळ लागतो. पापण्यांचे केस मध्ये येतात. कापसाची काडी घेऊन वर धरावे लागतात, मग कुठं यंत्र टेकतं."

बाईंनी मान हलवली आणि त्या औषध-खोलीत गेल्या.

तिथला चन्नवीर बाटल्या द्यायचा आणि महिनाअखेरीस परत घेऊन वजन करून ठेवायचा. बाईंना बघून त्याच्या कपाळावर घाम आला. वैशाखातलं सोलापूर असलं तरी खोलीत एसी होता.

"वजनाचा तक्ता दाखव बाबा."

शहरातल्या बाटल्यांची वजनं वाट्टेल तशी होती. कोणी दाबून दोन-दोन थेंब घातलेले, त्यांची बाटली विसाव्या दिवशीच कोरडी. कोणी चुकारपणा केलेला, त्यांची निम्मी भरलेली. मैंदर्गीच्या अकरा बाटल्यांत मात्र जेमतेम चार थेंबांचा फरक.

"म्हणूनच म्हणतात ना मॅडम, की कोणीतरी इथंच बसून रिकाम्या केल्या," चन्नवीर घाईने म्हणाला. "मी नाही हां."

"तू नाहीस, तर घाम कशाचा आला?"

मग कपाटातून त्याने त्या अकरा बाटल्यांचा ट्रे काढला. शहरातल्या बाटल्यांची लेबलं मळलेली, कोपरे उचकटलेले. मैंदर्गीच्या बाटल्यांची लेबलं मात्र नको तेवढी स्वच्छ होती. नंबराची शाईसुद्धा फिकट झालेली.

"स्पिरिटनं पुसल्या," तो शेवटी म्हणाला. "परत येतात तेव्हा घाण झालेल्या असतात. कंपनीकडून तपासायला आलेल्या बाई मागच्या खेपेला मला बोलल्या, म्हणून बाटल्या आल्या की पुसून ठेवतो. एवढाच गुन्हा आहे माझा."

बाईंनी चष्मा वर सरकवून एका बाटलीचं झाकण फिरवलं. झाकणाच्या खाचांत स्पिरिट पोचलेलं नव्हतं. तिथे पिवळी पूड अडकली होती. त्यांनी नखाने काढून वास घेतला. हळद.

मग त्यांनी अकराही बाटल्या ओळीने उभ्या केल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. वर्कशॉपात एकाच दिवशी दिलेल्या, लोखंड घासायच्या अकरा कानशी महिन्याने परत यायच्या तेव्हा अकरा तऱ्हांनी झिजलेल्या असायच्या. कोणी टोकाशी घासतो, कोणी मध्यावर दाब देतो. कानस बघून ती कोणाची हे बाई सांगायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत. अकरा कानशी सारख्याच झिजून आल्या, तर त्याचा अर्थ एकच असतो.

"अकरा माणसं अकरा बाटल्या अशा वापरूच शकत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे काम एका हाताचं आहे."

चन्नवीरने आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

४

शनिवारी दुपारच्या एसटीने बाई अक्कलकोट करून मैंदर्गीला उतरल्या. गावातली आशाताई नीलम्मा त्यांना घ्यायला आली होती. या अकरा जणांना दर महिन्याला जीपमध्ये घालून सोलापूरला तीच आणायची.

"बर्री अक्का, बर्री," तिने हसून स्वागत केलं. पण डोळ्यांत धाकधूक होती. वस्तीची वाट चालताना बाईंनी तिला सरळच विचारलं, "या लोकांच्या डोळ्यांत थेंब तू घालतेस का?"

"मी नाय ओ. माझी पाच गावं हायत, रोज सातला इथं कशी येऊ मी?" नीलम्मा थबकली. "पर थेंब चुकत न्हाय हां त्यांचा. एक दिवस न्हाय. तुमच्या शहरात शिकल्याले लोक चुकवत्यात."

धनगरांची वस्ती गावापासून मैलभर होती. अकरा घरं, मध्ये बिरुदेवाचं छोटं देऊळ, देवळापुढे फरसबंद कट्टा. मेंढरं अजून रानातून यायची होती. कट्ट्यावर धुळा बसला होता, सत्तरीचा, काटक, मांडीवर काठी. अकरा रुग्णांतला तो सगळ्यांत वडीलधारा. त्याची बायको बाळाबाई लोकर पिंजत होती. तिचे डोळे ठणठणीत होते, त्यामुळे ती चाचणीत नव्हती.

"सोलापूरच्या बाई हायती, चा ठेव," धुळा म्हणाला आणि वर बघून हसला.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. म्हाताऱ्याच्या रापलेल्या चेहऱ्यावर पापण्यांचे केस हे एवढे लांब, काळेभोर, वर वळलेले. नव्या नवरीला शोभावेत असे. शेजारच्या घरातली रंभाबाई पाण्याची कळशी घेऊन आली, तीही चाचणीतली. तिचे तसेच. एकेक करून बाकीचे जमले आणि बाईंनी बोलण्याच्या मिषाने प्रत्येकाच्या डोळ्यांकडे नीट बघून घेतलं. अकराच्या अकरा. बाळाबाईच्या पापण्या मात्र चारचौघींसारख्या, वयाने विरळ झालेल्या.

बाईंनी कट्ट्यामागे जाऊन गुरुला फोन लावला.

"त्या नव्या औषधानं पापण्यांचे केस वाढतात का हो?"

"त्या जातीच्या थेंबांनी वाढतात, मॅडम. जुन्यानं नाही वाढत. शहरातल्या निम्म्यांचे वाढलेत. पण कोणाला काय मिळतंय याचा अंदाज आम्ही बांधायचा नसतो, म्हणून त्यावर बोलत नाही."

फोन ठेवल्यावर बाईंना पहिल्यांदा हायसं वाटलं. अकराही जणांना नवंच औषध मिळतंय. म्हणजे नंबर चिकटवताना गडबड झाली असणार आणि प्रियंका सुटली. पण मग अडकतो चन्नवीर. त्याच्या घामाला खरंच कारण होतं तर.

त्यांनी पर्समधला ठिपक्यांचा कागद काढला, आणि ते हायसं वाटणं तिथेच संपलं.

५

नव्या औषधाने दाब दहानं उतरतो. जुन्याने पाचानं. अकरांना सगळं नवंच मिळत असतं, तर त्यांचे ठिपके दहाच्या ढिगात पडायला हवे होते. सातात नव्हे. ज्याच्या नंबराचं त्याला मिळत असतं, तर निम्म्यांच्याच पापण्या वाढल्या असत्या आणि ढीगही दोन पडले असते. म्हणजे चन्नवीरचीही चूक नाही आणि कोणी आकडेही रचलेले नाहीत. प्रत्येकाला थोडं नवं मिळतंय आणि थोडं जुनं. प्रत्येकाला सारखंच.

बाई कट्ट्यावर परत येऊन धुळाशेजारी बसल्या. फरशीच्या सांध्यांत भंडारा साचून पिवळा झाला होता. बिरुदेवाला उधळलेली हळदच ती. त्यांनी चिमूटभर उचलून बोटांवर चोळली.

"मामा, एक विचारू? आज तुमची बाटली कोणाच्या पाळीला आहे?"

लोकर पिंजणारा बाळाबाईचा हात थांबला. नीलम्माने पदर तोंडाला लावला. धुळाने मात्र काडीचाही आव न आणता सांगून टाकलं, "आज माजी रंभीला. उद्या तिच्या म्होरच्याला. माज्या डोळ्यात आज बापूसायबाची."

"तुमाला कुणी सांगितलं वो?" बाळाबाईने विचारलं.

"बाटल्यांनीच सांगितलं. थेंब तुम्हीच घालता ना सगळ्यांच्या डोळ्यांत?"

"व्हय. ह्यांचं हात कापत्यात. मी हजार कोकरांच्या डोळ्यात अवशीद घातलंय. पापनीला बाटली लागू देत न्हाय की थेंब खाली सांडू देत न्हाय." तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, अभिमान होता. "समदी सातला हितं येत्यात. ताटात बाटल्या मांडायच्या, देवाचा भंडारा लावायचा आनि पाळीपरमानं घालायचा."

"पण माहितीपत्रकात लिहिलं होतं, की बाटली दुसऱ्याला द्यायची नाही."

"कुनी दिली?" धुळा म्हणाला. "ज्याची बाटली त्याच्या घरी जाती, त्याच्याच हातात सोलापूरला येती. पिरियंका ताई म्हनली तसंच केलं की. थेंबाचं काय ती बोलली न्हवती."

बाईंनी विचारलं, "असं का केलंत पण?"

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली.

"आमच्यात बकरं पडलं की वाटं घालत्यात. अकरा घरं, अकरा वाटं. एक जन पाठ फिरवून हुबा ऱ्हातो. दुसरा वाट्यावर बोट ठिवून इचारतो, ह्यो कुनाचा? पाठमोरा नाव घेतो. त्याला काय दिसत न्हाय, म्हंजी भांडान न्हाय."

"मग मामा, आमच्या चाचणीतही तसंच होतं की. कोणाला काय गेलं ते डॉक्टरलाही दिसत नाही."

"तसंच हाय. त्ये मला लगीच कळलं. पर आमच्यात आदी वाटं सारकं घालत्यात, मंग पाठ फिरवत्यात. तुमी वाटं दोन तऱ्हेचं घातलं आनि मंग पाठ फिरवली. माज्या घरात नजर ऱ्हाईल आनि रंभी आंदळी हुईल, तर मी ह्या कट्ट्यावर बसू कसा? ताईला इचारलं आमी, समद्यांना सारकं का न्हाय? ती म्हनली, वर इचारून सांगते. सांगितलं न्हाय कुनी. मंग आमीच सारकं करून घितलं."

सात वाजता सगळे ओळीने बसले. बाळाबाईने पितळी ताटातली पहिली बाटली उचलली, नंबर न बघताच, आणि रंभाबाईची मान अलगद मागे केली. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. बाईंनी त्यांना थांबवायला हवं होतं. त्या नियमाने बांधलेल्या होत्या. पण अकरावा माणूस डोळे मिटून बसेपर्यंत त्या कट्ट्यावर बसूनच राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की उद्यापासून सोमवारचा निकाल येईपर्यंत ज्याची बाटली त्यानेच वापरायची, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

६

सोमवारी अकराला बैठकीत सगळे होते. अध्यक्ष आणि पुण्याच्या आकडेतज्ज्ञ बाई पडद्यावर. प्रियंका दारालगतच्या खुर्चीत. टेबलावर पोह्यांच्या बश्या.

वैजयंतीबाईंनी हात, हळद, पापण्या आणि ठिपके, असं एकामागून एक सांगितलं. पुण्याच्या बाईंनी त्या अकरांपुरतं गुपित उघडायची परवानगी मिळवली आणि कागदावर गणित मांडून वर बघितलं.

"सहा बाटल्या नव्या औषधाच्या, पाच जुन्याच्या. पाळीनं घातल्या तर सरासरी उतार सात ते आठ यायला हवा. आलाय सात. आकडे खरे आहेत." त्या ओशाळल्या. "मिस म्याकल, माझ्या पत्राबद्दल माफ करा."

प्रियंकाने मान खाली घातली. तीन दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून आले.

डॉक्टर बाबरांचा मात्र चेहरा पडला होता. "अकरा रुग्णांचं तीन महिन्यांचं काम मातीत गेलं."

"दाब अकरांचाही उतरलाय, डॉक्टर. नजर कोणाचीच गेली नाही," बाई म्हणाल्या. "चाचणीतून काढलंत, तरी थेंब बंद करायचे नाहीत. सगळ्यांना एकच औषध, सारखं. हा माझा पहिला मुद्दा लिहून घ्या."

अध्यक्षांनी तो मान्य केला. मग डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "शेवटचा रकाना राहिलाय. 'जबाबदार व्यक्ती'. नियम मोडला गेलाय, तेव्हा कोणाचं तरी नाव लागेल. त्या आशाताईंना माहीत होतं ना?"

"जरा मागच्या वर्षीची फाईल देता का? चाचणी सुरू होण्याआधीची," बाई म्हणाल्या.

फाईल त्यांनी सकाळीच येऊन चाळली होती, पण ती सगळ्यांसमोर उघडायची होती. त्यांनी एक पान काढून वाचलं. " 'माहितीपत्रक वाचून दाखवताना मैंदर्गीच्या वस्तीवर लोकांनी विचारलं, की सर्वांना सारखं औषध का नाही. याचं उत्तर पत्रकात नाही. त्यांना काय सांगावं, ते समितीने कळवावं. प्रियंका म्याकल.' खाली शेरा आहे, 'वाचले'. त्याखाली पाच सह्या."

प्रत्येकाला आपली सही आठवत असावी.

"तुमचं ठीक आहे. तुम्ही डॉक्टर, वकील, मोठी माणसं. तुम्हाला हा प्रश्न पडला नसता. पण मला इथं बसवलंय ते याच एका कामासाठी, की साध्या माणसाला जे विचारावंसं वाटेल ते मी विचारावं. या कागदावरची पहिली सही माझी आहे."

त्यांनी पान सगळ्यांकडे फिरवून टेबलावर सरकवलं. सहीच्या शेजारी कागदावर बोटाचा एक पिवळा ठसा होता. झाकणाच्या खाचांतल्या पुडीसारखाच हळदीचा, फक्त हा देवळातला नव्हता. पोह्यांचा होता.

मग बाईंनी पेन उघडलं आणि कोऱ्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: वैजयंती उबाळे, सामान्य सदस्य.

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, पण अध्यक्षांनी पडद्यावरून हात वर करून त्यांना थांबवलं.

बाहेर जिन्यापाशी प्रियंकाने बाईंना गाठलं. तिचा कॉम्प्युटर परत येत होता, पण ती तिकडे गेली नव्हती. "काकू, तुम्ही असं का लिहिलंत? आता तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे. तुझं वाचलं ना. दुपारी मोकळी आहेस का? मैंदर्गीला जाऊन यायचंय. त्या लोकांना उत्तर द्यायचं राहिलंय, वर्ष झालं."

"पण काय सांगायचं त्यांना? सगळ्यांना सारखं का नव्हतं, याचं?"

"ते मलाही अजून नीट ठाऊक नाही," वैजयंतीबाई पर्स काखेत मारत म्हणाल्या. "एसटीला दोन तास लागतात. तेवढ्यात दोघी मिळून विचार करू."